खड्ड्यातला साक्षीदार

१

तुम्ही विश्वास कोणावर ठेवता? विकणाऱ्याच्या तोंडावर, मशीनच्या आवाजावर, की स्वतःच्या डोळ्यांवर? घाई करू नका, नीट विचार करून सांगा. आमच्या शेठना हे कोणी विचारलं असतं, तर त्यांनी उजवा तळहात पुढे केला असता. "ह्याच्यावर," म्हणाले असते.

शेठचं दुकान मशीनच्या सुट्या भागांचं. जुने पंप, जुनी इंजिनं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. त्यांनी शाळा सोडली की शाळेने त्यांना, यावर घरात अजून वाद आहे. पण इंजिन बघायला गेले की आधी ते त्यावर तळहात ठेवत आणि मगच तोंड उघडत. एकदा एकाने पंपाचं इंजिन विकायला काढलं. "बघा शेठ, एका झटक्यात चालू होतं!" शेठनी हात ठेवला, तर इंजिन कोमट. म्हणजे थंड असताना ते चालू होत नव्हतं आणि या पठ्ठ्याने घाम गाळून ते आधीच तापवून ठेवलं होतं. शेठ हसून म्हणाले, "इंजिन राहू द्या, चहा पाजा. फक्त तो माझ्यासमोर गरम करा."

तर असा माणूस. त्याने उतारवयात शेत घेतलं, ते हौसेने नव्हे. शेठाणींचा गुडघा गेला होता. दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं घर आणि तो जिना, एवढंच त्यांचं जग झालं होतं. शेठनी दुकान मुलाच्या हाती दिलं आणि शेतातलं बैठं घर घेतलं. "तुला काठी न टेकता चालता येईल अशी सपाट जागा करून देतो," म्हणाले.

शेठाणी म्हणाल्या, "आधी घरात एक सरळ खिळा ठोकून दाखवा."

शेताबरोबर एक बुलडोझर आला. नको असलेला पाहुणा येतो तसा. बोलावलं कोणी नव्हतं, पण एवढ्या जड गड्याला उठवणार कोण?

२

बुलडोझर कुंपणाला टेकून उभा होता, पुढचं माती लोटायचं पातं जमिनीत रुतवून. चाकांवरच्या एका साखळीतून झाड वर आलं होतं. मूळचा पिवळा रंग फक्त सीटखाली उरला होता.

शेठच्या ओळखीचा एक मिस्त्री होता, अंगाने काडी आणि जिभेने कात्री. धुराड्यात डोकावून तो म्हणाला, "शेठ, हे मशीन नाही, घरटं आहे. आत पिल्लं आहेत."

"तुझ्या डोक्यातही तेच आहे. ते चालतंच ना?"

"चालतं, पण माझ्यावर एवढा गंज नाही."

"लग्न होऊ दे."

काम मात्र दोघांनी मन लावून केलं. पिल्लं उडून जाईपर्यंत धुराड्याला हात लावला नाही. झाड कापलं. इंजिन आतून जाम झालं होतं. सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतून भिजत ठेवलं, रोज पहार लावून जोर द्यायचा आणि रोज हात हलवत परत यायचं. एका सकाळी पहार बोटभर सरकली आणि मिस्त्रीने अशी आरोळी ठोकली की शेठाणी काठी टाकून बाहेर आल्या. मग टाकीतला चिखल काढला, कुजलेले पाईप बदलले, पातं उचलणाऱ्या जॅकची गळती बंद केली. सीटवर बसायला शेठाणींनी जुन्या पडद्याची गादी शिवून दिली, निळ्या फुलांची.

पहिल्यांदा इंजिन लागलं तेव्हा काळा धूर निघाला, मग राखाडी, मग नुसतीच थरथरती हवा. संथ, जाड, दमदार आवाज. शेठचं ऊर भरून आलं.

"कसा वाटतो?" त्यांनी ओरडून विचारलं.

"तुमच्या घोरण्यासारखा," शेठाणी म्हणाल्या. "मला आता दुपारची छान झोप लागेल."

आणि खरंच, पुढे मशीन चालू असलं की मागच्या खोलीत त्यांचा डोळा लागायचा.

३

मागच्या खोलीच्या खिडकीतून समोर एक मोठा खड्डा दिसे. पूर्वी कधीतरी कोणीतरी तिथून माती खणून नेली होती. खड्ड्याच्या मधोमध पुरुषभर उंचीचा मातीचा एक खांब उभा होता आणि त्याच्या डोक्यावर गवत.

त्यात गूढ काही नाही. माती खणणारे असा खांब मुद्दाम सोडतात. वरचं गवत म्हणजे पूर्वीची जमीन. तिथून खाली मोजलं की किती खणलं ते कळतं. मोजणी झाली की खांब पाडायचा. जुने लोक त्याला साक्षीदार म्हणत. इथला पाडलेला नव्हता, म्हणजे मोजणी व्हायची राहिली होती, इतकंच.

शेत विकून निघताना म्हातारा मालक गाडीत बसला, पुन्हा उतरला आणि म्हणाला होता, "सगळं तुमचंच आहे आता. तेवढा खांब राहू द्या."

"का हो?"

"राहू द्या," म्हणाला आणि गाडीत बसला. शेठना वाटलं, म्हातारपणी माणसाचा जीव कशातही अडकतो.

खड्ड्यापलीकडे एक टेकाड होतं. त्याची माती लोटून खड्डा भरायचा, वर बाग करायची, बागेत फिरायला सपाट वाट. शेठाणींसाठी. पण खड्ड्यात मशीन वळवताना खांब आडवा यायचा.

मिस्त्री म्हणाला, "असू दे की. भरत आलं की आपोआप गाडला जाईल. तोवर किती भरलं ते कळत राहील."

"माप माझ्या डोळ्यांत आहे," शेठ म्हणाले. "आयुष्यभर नजरेने वजनं सांगत आलोय."

त्यांनी पातं खाली घेतलं आणि दांडा पुढे केला. खांब मधून मोडला, गवताचं डोकं पात्यावरून पलीकडे गेलं. शेठनी मशीन थांबवून पुढे वाकून पाहिलं.

पात्यासमोर माती नव्हती.

मूठभरसुद्धा नाही. खांबाच्या जागी जमीन होती, सारवल्यासारखी गुळगुळीत. आणि पात्याची धार कोरडी, स्वच्छ.

"भुसभुशीत असेल," मिस्त्री काठावरून म्हणाला. "पसरली."

"तेच म्हणतो मी," शेठ म्हणाले. खरं तर ते काहीच म्हणाले नव्हते.

४

एक गोष्ट बागकाम करणाऱ्यालाही माहीत असते, की खणलेली माती फुगते. खड्ड्यातून काढलेली माती परत त्याच खड्ड्यात घालायला जा, उरतेच. त्यामुळे निम्मं टेकाड लोटलं की काम फत्ते, असा शेठचा अंदाज होता.

निम्मं टेकाड गेलं आणि खड्डा होता तसाच राहिला.

"माती दबली," शेठ म्हणाले.

"दबली का गिळली?" मिस्त्री म्हणाला. "शेठ, हा खड्डा आहे की माझा भाचा? कितीही वाढा, ताट रिकामंच."

शेठ हसले. रोज सकाळी ते सीटवर चढत, टेकाडाची माती पात्यासमोर घेत. भरलेल्या पात्याचं ओझं इंजिनच्या आवाजात कळतं, आवाज खाली बसतो. काठावर आलं की माती आत जाई, धूळ उडे आणि आवाज पुन्हा मोकळा होई. सगळं जसं व्हायला हवं तसं. फक्त धूळ खाली बसली की खड्ड्याचा तळ दिसे, गुळगुळीत.

त्याच सुमारास घरातली दारं घासायला लागली. आधी स्वयंपाकघराचं, मग मागच्या खोलीचं. मिस्त्रीने निदान केलं, "लाकूड फुगलंय." शेठनी दार उतरवून खालून रंधा मारला. चार दिवस बरं गेलं, मग पुन्हा तीच कुरकुर. पुन्हा रंधा.

"नवीनच दार घ्या," शेठाणी म्हणाल्या. "ह्याचं आता फळकूट उरेल."

एका सकाळी, दव पडलेलं असताना, शेठ मशीनपाशी गेले. आयुष्यभराची सवय, इंजिनावर तळहात ठेवला.

इंजिन कोमट होतं.

त्यांनी हात काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा ठेवला. कोमट. किल्ली त्यांच्या खिशात होती. टाकीत काडी घालून पाहिली, तर डिझेल कालच्याच खुणेला. डिझेल जळलं नाही तर इंजिन चाललं नाही, हे तर सरळ गणित. मग पत्रा उन्हाने तापला असेल, त्यांनी ठरवलं. ऊन अजून कुंपणापर्यंतही आलं नव्हतं. तरी त्यांनी तसंच ठरवलं आणि इंजिन चालू केलं. ते एका झटक्यात लागलं.

५

"अहो," शेठाणी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ह्या वयात माणसाची उंची वाढते का?"

"जिभेची वाढते. का?"

"इकडे या. ह्या फळीवरचा डबा काढायला मी तुम्हाला हाक मारायचे ना? आता माझाच हात पोचतो. आणि ही खिडकी बघा. आल्यावर हिचा कठडा माझ्या छातीशी होता."

शेठनी पाहिलं. कठडा शेठाणींच्या कमरेशी होता.

"गुडघा सरळ झालाय तुझा," ते म्हणाले. "इथली हवा मानवली."

शेठाणींनी डबा परत फळीवर ठेवला. गिऱ्हाइकाशी बोलतानाचा त्यांचा आवाज ती बाई चांगली ओळखत होती.

दुपारी त्या व्हरांड्यात भाजी निवडत बसल्या असताना शेठ पहार घेऊन मागच्या खोलीत गेले. पलंग सरकवला. कोपऱ्यातली फरशी पहारीने उचकटली. फरशीखाली वाळू असते, चुना असतो, विटांचे तुकडे असतात. इथे माती होती, टेकाडावरची लालसर, ओली माती. शेठ गुडघ्यावर बसले आणि त्यांनी डोकं खाली नेलं.

मातीवर आडव्या पट्ट्यांचे ठसे होते, एकाखाली एक, रुंद. बुलडोझरच्या साखळीचे. ते ताजे होते, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. आणि उघड्या जागेतून शेजारच्या फरशीखाली ते सलग गेले होते, पलंगाच्या दिशेने.

कान जवळ होता म्हणून आवाज आला असेल. संथ, जाड आवाज. बाहेर मशीन बंद उभं होतं. मिस्त्री त्या दिवशी आलाच नव्हता.

शेठनी फरशी परत बसवली. ती बसेना, म्हणून तिच्यावर उभे राहिले.

"काय करताय हो आत?"

"काही नाही. ओल आहे थोडी."

तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी घर सोडायचं. माणूस तसं करत नाही. माणूस म्हणतो, काम अर्धवट आहे म्हणून हे होतंय, खड्डा एकदा भरला की मिटेल. धंद्यात फसलेला माणूस आणखी माल टाकतो ना, तसं. शेठ इतरांना यावरून शहाणपण शिकवत आले होते.

६

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर शेठाणी मागच्या खोलीत आडव्या झाल्या. शेठनी मशीन काढलं. आज उरलेलं सगळं टेकाड लोटून टाकायचं, एका दमात. त्यांनी टाकलंही. मशीनने कुठे कुरकुर केली नाही. इतकी वर्षं गंजलेला गडी जवानासारखा राबला. शेवटची खेप काठावरून आत गेली आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

धूळ बसली. खड्डा रिकामा. आणि टेकाड आता नव्हतं.

मग त्यांना ठकठक ऐकू आली. काठी गजांवर आपटत होती.

ते धावत मागच्या खोलीच्या खिडकीशी गेले. काचेच्या खालच्या भागाला आतून लालसर माती दाबून बसली होती. मातीच्या वर, त्यांच्या डोळ्यांसमोर, शेठाणींची पावलं होती.

"अहो," वरून आवाज आला, शांत, जरा जास्तच शांत. "आधी मेन स्विच बंद करा. पंखा डोक्याला लागतोय आणि बटण मातीखाली गेलंय. मी वाकून उभी आहे."

शेठनी धावत जाऊन मेन बंद केला. मागच्या खोलीच्या दाराला खांदा लावला. दार आत उघडणारं, ते दगडासारखं घट्ट. पहार मारली, फळी फुटली आणि फटीतून माती सांडली. ती थांबेचना, पॅसेजमध्ये पाऊल बुडेल इतकी झाली.

"तिकडून नको!" शेठाणी ओरडल्या. "तिकडून काढलीत की इकडून वाढतेय!"

शेठ बाहेर आले. खिडकीला जाड गज. भिंत विटांची. आणि समोर मशीन.

त्यांनी तळहाताकडे पाहिलं, पण या वेळी इंजिनावर ठेवला नाही. सीटवर चढले, किल्ली फिरवली.

"पलंग होता त्या बाजूला सरक," ते ओरडले. "मी खिडकीकडून येतोय!"

"डोळे उघडे ठेवून या!"

त्यांनी पातं खिडकीच्या उंचीवर घेतलं आणि मुंगीच्या पावलाने मशीन पुढे नेलं. भिंतीला पातं टेकलं. विटा करकरल्या, गज वाकले, मग सगळा भाग आत न पडता हळूच खाली बसला, जणू कोणी धरून ठेवला. शेठनी इंजिन बंद केलं.

शेठाणी बाहेर आल्या. म्हणजे चढल्या नाहीत, उतरल्या नाहीत. खोलीतली माती बरोबर पात्याच्या कडेशी होती. काठी आत टाकून, वाकलेली पाठ सरळ करत, त्या सपाट जमिनीवरून चालत आल्या आणि पात्यावर उभ्या राहिल्या. काठी न टेकता. शेठनी हात धरून त्यांना आपल्याकडे ओढून घेतलं, त्या निळ्या फुलांच्या गादीवर.

आणि तेव्हा, त्यांच्या खांद्यावरून, शेठना खोली दिसली.

माती इतकी सपाट होती की तिच्यावर पाणी ठरलं असतं. ठसे तिच्यावर होते, पण बाहेरून आत जाणारे नव्हते. समोरच्या भिंतीतून इकडे येणारे. आणि त्या भिंतीपाशी मातीचा एक ढीग होता, गोलसर, दोन्ही बाजूंनी थोडा पुढे आलेला. पात्यासमोर जमतो तसा. पातं नव्हतं. मागे नुसती भिंत, तिच्यावर खुंटी, खुंटीला शेठचा सदरा.

ढीग जरासा पुढे सरकला.

शेठाणींनी त्यांच्या छातीवर कान टेकला होता. त्या पुटपुटल्या, "मशीन बंद करा ना आता."

मशीन केव्हाच बंद होतं.

७

ते दोघं आता पुन्हा दुकानाच्या वरच्या घरात राहतात. जिना शेठाणींना त्रास देतो, पण त्या तक्रार करत नाहीत. मुलाला त्यांनी सांगितलं, "तुझ्या बाबांनी भिंत पाडली, घर मोडकळीला आलं." मुलाने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पाडली खरी."

मिस्त्री शेतावर राहिलेला आपला दुरुस्तीचा जॅक आणायला गेला होता. एक नट-बोल्टही मागे न सोडणारा माणूस, पण हात हलवत परत आला.

"जॅक कुठाय रे?"

"राहू दे शेठ. जड होता." आणि त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही.

शेठाणींनी एक सवय लावून घेतली आहे. सकाळी उठल्यावर त्या झोपायच्या खोलीच्या दाराखालून आपला कंगवा बाहेर सरकवतात. फरशीवर दातांचा बारीक आवाज होतो, कंगवा बाहेर येतो आणि आतून त्या म्हणतात, "जातोय हो!" शेठ बाहेर चहा घेऊन बसलेले असतात. "जाणारच," ते म्हणतात. मग ती बाई दिवसभर हसते, बोलते, सुनेशी भांडते. तेवढ्या एका आवाजावर तिचा दिवस उभा आहे.

तिला एक माहीत नाही. ती गुडघ्याच्या व्यायामाला गेली की शेठ ते दार उतरवतात, खालून रंधा मारतात, भुसा झाडून खिशात भरतात आणि दार परत बसवतात. आधी एकदा केलं. मग पुन्हा. खाली दुकानात जाऊन छताकडे पाहतात, तर छत जिथल्या तिथे. परवा त्यांनी दार उभं केलं, तेव्हा त्याची खालची आडवी फळी जवळजवळ संपली होती. आणखी रंधा मारायला लाकूड उरलेलं नाही.

हे तुम्हाला सांगतोय ते घाबरवायला नाही. तुम्ही हुशार आहात, धंदा जाणता, नजरेने माप काढत असाल. पण माझं एवढं ऐका. माती उचला, घर बांधा, दारं तासा, काय हवं ते करा. फक्त जे माणूस तुमच्या शब्दावर पाऊल टाकतं, त्याला हिशेब देताना खरा द्या. किती खणलं, किती भरलं आणि दाराखाली किती जागा उरली, सगळा. आजच द्या.